स्टँडपर्यंतचं तिकीट

दादा,

काल मी पुन्हा महागाचं तिकीट काढलं. चुकून नाही, जाणूनबुजून काढलं, आणि तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं बघत राहिला असतात. दिवाळीपासून मी रोज वाळूजहून औरंगपुऱ्याला बसनं जाते. इतकी वर्षं स्कूटी होती, पण गुडघ्यानं दगा दिला आणि डॉक्टरांनी ती बंद करायला लावली. छापखान्यातलं प्रूफं तपासायचं काम मात्र अजून चालू आहे, ते तुमच्या डोळ्यांदेखतच लागलं होतं. बसच्या पाटीवर शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, आई मात्र संध्याकाळी दारातच विचारते, "औरंगाबादेत ऊन लई व्हतं का गं?" कंडक्टरच्या हातात तिकिटांचा ट्रे नसतो, एक लहानसं यंत्र असतं, त्यातून कागदाची पट्टी सरसर बाहेर येते. तिला तुमच्या तिकिटांसारखा रंग नाही की वास नाही.

पासाच्या खिडकीवरच्या मुलीनं मला नीट समजावून सांगितलं होतं. महिन्यात किती दिवस जाता, सुट्ट्या किती, सगळं विचारून तिनं कागदावर आकडे मांडले आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला पासच परवडतो." मला ते तिच्या खिडकीपाशी जाण्याआधीच ठाऊक होतं. असले हिशोब मी तिच्या जन्माच्या आधीपासून करत आलेय. मी "बघते" म्हणाले आणि निघून आले. मग पुण्याहून लेक आली, तिनं माझ्या फोनमध्ये काहीतरी टाकून दिलं, म्हणजे बसमध्ये नुसता फोन दाखवला की झालं. तेही मी वापरत नाही. परवा तिनं फोन तपासला आणि डोक्याला हात लावला. "आई, तू रोज तोट्यात चाललीस. कंडक्टरची मुलगी ना तू?" म्हणून हसायला लागली. तिनं ते सहज म्हटलं. तिला काय माहीत, हेच वाक्य मला आधी एकदा भरल्या बसमध्ये ऐकवलं गेलं होतं आणि ते म्हणणारे तुम्ही होतात. त्या दिवसाबद्दल आपण पुढं कधीच बोललो नाही. मी स्टँडवर का उतरले नाही हे मी सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारलं नाही. आज ते आणि त्यापुढचं, सगळं लिहून टाकायला बसलेय.

तुमच्या बसमध्ये तिकीट काढायचं म्हणजे आधी चौकशीला तोंड द्यावं लागायचं. माणूस म्हणायचा, "औरंगपुरा एक." तुम्ही तिकिटाला भोक पाडायचा चिमटा हातात तसाच धरून विचारायचात, "ते खरं, पर जायचं कुठं?" तो बिचारा गोंधळून म्हणायचा, दवाखान्यात. "मंग औरंगपुऱ्याचं कामून काढता? स्टँडला उतरा. मागल्या गल्लीनं धा मिन्टांत दवाखाना. स्टँडच्या पुढं टप्पा बदलतो." टप्पा म्हणजे भाडं वाढायची जागा. त्या थांब्यापर्यंत एक भाडं, आणि तिथून एक थांबा जरी पुढं गेलं तरी पुढचं. वाळूजहून येताना असा एक टप्पा मध्यवर्ती बसस्थानकाशी, म्हणजे आपल्या स्टँडशी संपायचा, आणि तुमची सगळी वकिली त्या टप्प्याभोवती चालायची. डेपोतले लोक तुम्हाला वकीलसाहेबच म्हणत. एका साहेबानं तर विचारलं होतं, "अहो, तुम्ही तिकिटं विकता का वाचवता?" ते तुम्ही घरी येऊन सांगितलंत, आणि स्वतः काय उत्तर दिलंत तेही. "विकतोच की साहेब, पर ज्याला जेवढं लागतं तेवढं. टप्पा वरून ठरून आला, चालायला कुणी बंदी केली नाय." आईनं तवा उतरवता उतरवता म्हटलं होतं, "नोकरी घालवा एखाद्या दिशी." तुम्ही ते कौतुकच समजून हसलात.

पासाचाही तुमचा कायदा होता. कंपनीतल्या पोरांना तुम्ही सरसकट पास काढू द्यायचा नाहीत. एकाला म्हणायचात, "तुझी हप्त्याची सुट्टी, वर दर पंधरवड्याला सासुरवाडी. पास कशाला? सुटं काढ." दुसऱ्याला, "तू रविवारी बी कामावर येतो, तू पासच काढ, नायतर बुडशील." कोण कधी गावाला जातो, कुणाची बायको बाळंतपणाला गेली, कुणाच्या पोटात सारखं दुखतं, सगळं तुम्हाला तिकिटांमुळं ठाऊक. मात्र एकदा का कुणी पास काढला की त्याच्याशी बोलणं संपलं. त्यानं पास वर केला की तुम्ही मान हलवून पुढच्या माणसाकडं. "पासवाल्याला काय इचारायचं? त्याचं ठरल्यालं हाय," असं म्हणायचात. आठशे पायऱ्या चढल्यासारखं रोज त्या गर्दीतून मागंपुढं करणाऱ्या माणसाला तेवढाच श्वास मिळत असावा.

मला टप्पे शिकवले ते स्वयंपाकघरात. मी अकरावीला कॉलेजात जायला लागणार होते त्याच्या आदल्या रविवारची ही गोष्ट. आई ज्वारीचं पीठ परातीत घेऊन बसली आहे, चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, तवा तापतोय, आणि तुम्ही परात आपल्याकडं ओढून घेता. पिठावर बोटानं एक लांब रेघ काढता. रेघेवर ठिपके. "हे आपलं घर. ही छावणी. हे स्टँड. अन् हे तुझं कॉलेज, औरंगपुऱ्यात." स्टँडच्या ठिपक्यावर आडवी रेघ मारता. "हितं उतरायचं. हितून समर्थनगरातून सरळ चालत जायचं, निराला बाजार लागला की आलंच. ईस मिनटं." मी विचारते, दादा, आणि पास? तुम्ही बोटं दुमडून कॉलेजच्या सुट्ट्या मोजता, दिवाळी, परीक्षेच्या आधीची सुट्टी, रविवार, आपल्या गावची, पिशोरची जत्रा, आणि निकाल देता. "नाय परवडत. सुटं तिकीट, स्टँडपर्यंत." आई परात ओढून घेते आणि तुमचं सगळं शहर एका हातानं मळून टाकते. त्या दिवशीच्या भाकरीत छावणी कुठं आणि कॉलेज कुठं यावर आपण तिघंही हसलो होतो. दादा, ती सकाळ मला फार आवडते. तुम्ही गेलात त्याला पंचवीसेक वर्षं झाली, पण पीठ चाळताना अजून माझं बोट रेघ काढायला जातं.

तुमची सकाळची पाळी आणि माझं कॉलेज जुळायचं, म्हणून मी रोज तुमच्याच गाडीनं यायचे. दुसऱ्या कंडक्टरांची पोरं फुकट बसतात हे मी तुम्हाला ऐकवून पाहिलं होतं. घरच्यांना मिळायचा तो पास तुम्ही पिशोरला जायला राखून ठेवलेला. त्यामुळं निघताना तुम्ही मला मोजून सुटे द्यायचात, आणि अर्ध्या तासानं बसमध्ये तेच सुटे माझ्याकडून परत घेऊन तिकीट फाडायचात. "कुठं?" असं मलाही विचारायचात, जसं सगळ्यांना. मी "स्टँड" म्हणायचे. पहिल्या वर्षी मला त्याची गंमत वाटायची. दुसऱ्या वर्षी वाटेनाशी झाली. वर्गातल्या मुली कॉलेजच्या दारात उतरायच्या आणि मी वीस मिनिटं उन्हातून चालत घामाघूम होऊन वर्गात शिरायचे. ज्या दिवसाबद्दल लिहितेय, त्या आठवड्यात आपलं त्यावरून वाजलंही होतं. मी ताटावर बसून म्हणाले होते, मी उद्यापासून चालणार नाही. तुम्ही म्हणालात, "पाय झिजत नसतेत." मी भाकरी अर्धी टाकून उठले. हे भांडण लक्षात ठेवलं नाही तर पुढचं कळणार नाही, आणि तुमच्यावर अन्याय होईल, म्हणून लिहिलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी. मी बायकांच्या सीटवर खिडकीशी बसलेली आहे, अंगात फिका पिवळा ड्रेस. छावणीच्या जवळपास पोटात कळ येते आणि मला कळतं की मी अडचणीत आले. चार दिवस अवकाश होता, तयारी काहीच नव्हती. स्टँड आलं. गाडी थांबली. उठावं तर सगळ्या बसच्या समोर उठायचं, आणि पुढं वीस मिनिटं भर रस्त्यानं लोकांच्या पुढून चालायचं. मी उठलेच नाही. मनाशी ठरवलं, कॉलेजच्या दारापर्यंत बसून राहायचं, गाडी रिकामी झाली की उतरायचं, तिथं मैत्रिणी आहेत. पुढच्या टप्प्याचे पैसे माझ्याकडं नव्हते, तुम्ही मोजूनच दिले होते. वाटलं, तुम्ही बघाल, काही न बोलता वरचं तिकीट फाडाल. तुम्ही आलात. हळू आवाजात विचारलंत, "उतरायचं नाय का?" मी बाहेर बघत राहिले. तुम्ही पुन्हा विचारलंत. बापाला काय सांगणार होते? आणि तुम्हाला दिसत होती ती परवा ताट टाकून उठलेली पोरगी, हट्टाला पेटलेली. तुमच्या जागी मी असते तर मलाही तेच दिसलं असतं. हे म्हणायला मला पुष्कळ वर्षं लागली.

स्टँडच्या पुढच्याच थांब्यावर तिकीट तपासणारे दोघं चढले. ते माझ्यापर्यंत पोचायच्या आत तुम्हीच मोठ्यानं सांगितलंत, "साहेब, ही पोरगी माझी हाय. तिकीट स्टँडपर्यंतचं हाय, पुढं आलीय. पावती फाडा." तो साहेब चांगला माणूस होता. म्हणाला, "जाऊ द्या हो, लेकरू हाय." "नाय साहेब. लोकायला टप्पे शिकवतो अन् घरचंच लेकरू फुकट बसतं." मग माझ्याकडं वळून, "टप्पा कळत नाय का तुला? कंडक्टरची पोरगी ना तू?" मागच्या सीटवर माझ्या वर्गातल्या दोघी होत्या. कंपनीतून रात्रपाळी करून आलेली, तुम्हाला मानणारी माणसं होती. दंड तुम्ही तुमच्या खिशातून भरलात, आणि मग एकच शब्द म्हणालात, "उतर." मी उतरले. छातीशी धरायची फाईल मागं धरून चालत कॉलेजला गेले. तिथं झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला पाहिल्याबरोबर काय झालं ते ओळखलं, खोलीत घेतलं, दार लावलं, कुठूनतरी धुतलेली चादर आणली. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले, आणि रडताना तुम्हाला जे जे म्हणता येईल ते सगळं म्हणून घेतलं. मी तेव्हा तुमचा द्वेष केला, दादा. थोडा वेळ का होईना, मनापासून केला.

त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलणं टाकलं. आपलं घर दोन खोल्यांचं, त्यात न बोलणं फार मेहनतीचं काम असतं. तुम्ही पाणी मागितलं की मी तांब्या भरून ठेवायचे आणि बाजूला व्हायचे. तुम्हीही बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वह्यांवर एक पास ठेवलेला होता. महिन्याचा, विद्यार्थ्यांचा, आणि स्टँडपर्यंतचा नाही, थेट औरंगपुऱ्याचा. त्यावर माझा दहावीचा फोटो चिकटवलेला, तुम्ही तो माझ्या पेटीतून कधी घेतलात कळलं नाही. पिठावर बोटानं हिशोब मांडून जो परवडत नाही असं तुम्हीच ठरवलं होतं, तोच. मला वाटलं, डेपोत तुमचं हसं झालं असेल, वकिलाची पोरगी पकडली म्हणून, आणि आता पुन्हा नाचक्की नको म्हणून ही सोय. माझा राग दुप्पट झाला. मी पास पेटीत कपड्यांच्या तळाशी टाकला आणि साठवून ठेवलेल्या माझ्या पैशांतून, खाऊचे, मामानं दिलेले, रोज सुटं तिकीट काढायला लागले. तुमच्याच गाडीत. तुमच्याच हातून.

तो महिना आता आठवते तर कुणीतरी दुसरीच मुलगी दिसते. गाडी सुटते. तुम्ही पुढून एकेक सीट करत येता. तिकिटांच्या गड्ड्या ट्रेमध्ये रंगवार लावलेल्या, चिमट्याची टकटक. माझ्यापाशी येता. माझ्या पर्समध्ये पास नाही, तो पेटीत आहे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलेलं असणार. तुम्ही एकदाही म्हणत नाही की पास कुठं आहे. विचारता, "कुठं?" मी म्हणते, "स्टँड." तुम्ही तिकीट फाडता, चिमट्यानं भोक पाडता, माझ्या हातावर ठेवता. स्टँडला मी उतरते आणि चालू लागते. मी वळून पाहत नाही, पण तुम्ही घंटीची दोरी ओढायला जरा वेळ लावता हे मला ऐकू येतं. त्या महिन्यात कधीतरी एका संध्याकाळी आईनं माझ्यापुढं काढ्याचा पेला ठेवला, सुंठ, मिरी, गवती चहा. मला नीट सर्दीही झाली नव्हती. मी विचारलं, हे कशाला? आई म्हणाली, "पी गुमान." मी प्याले.

महिना संपला आणि तुमची गाडी बदलली. तुम्हाला दुसऱ्या मार्गावर टाकलं. त्या रात्री तुम्ही जेवताना, ताटाकडंच बघत, म्हणालात, "उद्यापासून त्या गाडीवर दुसरा माणूस हाय. तो माझ्यासारखा नाय, गडबडीचा हाय. पास आधीच हातात धरून ठेवत जा." आणि नवीन पास माझ्या पाटाशेजारी सरकवलात. पुन्हा औरंगपुऱ्याचाच. मला एकदम हसू आलं. का आलं ते माहीत नाही. तुम्ही वर पाहिलंत आणि तुम्हीही हसलात, आणि मग आई म्हणाली, "आता दोघं बी भाकरी वाढून घ्या, माझ्या हाताला चटका बसलाय." एवढंच. त्यावर आपण पुढं कधी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पास दाखवायला लागले, कॉलेजच्या दारात उतरायला लागले, आणि तो विषय तुमच्या माझ्या आयुष्यातून गेला. गेला असं मला वाटत होतं.

परवा लेक माझी चेष्टा करत होती तेव्हा आई तिथंच मेथी निवडत बसलेली होती. आई आता ऐंशीच्या पुढं गेली, ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. लेक आत गेली तशी ती मला म्हणाली, "तुला त्यो पास कामून आनला व्हता, ठावं हाय का?" मी म्हटलं, डेपोत लाज वाटली असेल म्हणून. आईनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "लाज? तुझा ड्रेस मी धुतला व्हता ना. त्याच राती सांगितलं म्या त्यायला, जेवन झाल्यावर. अवो, पोरगी हट्टानं बसली नव्हती, म्हनलं. तर ताटावरून उठंनात. हात वाळून गेला तरी बसून. अन् म्हनले, म्या तिला उतर म्हनलो गं." मग तिनं सांगितलं की तिनं तुम्हाला किती समजावलं, बोला पोरीशी, दोन शब्द बोला. तर तुम्ही म्हणालात, "काय बोलू? बापानं असलं कसं बोलावं?" आणि दोन दिवसांनी डेपोतून पास घेऊन आलात. मेथीची देठं एका बाजूला करत आई म्हणाली, "तू त्यो पेटीत टाकला. त्यायला दिसत व्हतं. मी म्हनलं, मी सांगते तिला. तर म्हनले, ऱ्हाऊ दे, घेऊ दे तिकीट. रोज घरी येऊन मला सांगायचे. आज बी स्टँडच म्हनली. आज लवकर बोलली. आज आवाज बसल्यागत वाटला, तिला काढा दे."

मी तिथून उठून गॅलरीत गेले. दादा, तीसपेक्षा जास्त वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात माफ करत आले. ते बिचारे, त्यांना काय कळणार, असं म्हणत आले. आणि तुम्हाला पहिल्या रात्रीपासून कळलेलं होतं. माझ्या एका शब्दाचा आवाज तुम्ही घरापर्यंत सांभाळून आणत होतात. मला मात्र तो काढा कशाचा हेसुद्धा कळलं नाही. गॅलरीत मी पुष्कळ रडले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. आता पेटी नाही, पण पेटीतल्या वस्तू एका पत्र्याच्या डब्यात आहेत, त्यात तो न वापरलेला पास आहे. काल काढून पाहिला. फोटोखाली पासधारकाची सही करायची जागा कोरीच राहिलीय. हा कागद त्याच्याच घडीत ठेवणार आहे, टपालात टाकायला याला टप्पा कुठला लावणार?

पण आईनं तिची बाजू सांगितली तशी मलाही माझी सांगायची आहे. ती आईला माहीत नाही, तुम्हालाही नव्हती. माझा राग त्या महिन्यात आठ दिवसांतच संपला होता. नंतरचे दिवस मी रागानं तिकीट काढत नव्हते. पास पेटीतून काढून पर्समध्ये टाकायचं माझ्या मनात रोज यायचं, आणि रोज सकाळी मी तो तिथंच ठेवायचे. काल कंडक्टरच्या पोरानं यंत्र पुढं धरून मला विचारलं, "कुठं, मावशी?" आणि मी औरंगपुरा म्हणेपर्यंत तो माझ्याकडं बघत थांबला, तेव्हा ते मला पुन्हा नीट आठवलं. घरात आपण बोलत नव्हतो, दादा. पास दाखवला असता तर तुम्ही मान हलवून पुढं गेला असतात. तिकीट काढलं की तुम्हाला मला विचारावंच लागायचं.